पान उलटायची वेळ

गेल्या महिन्यात माझी पंच्याहत्तरी झाली आणि मला एक्केचाळीस पुस्तकं भेट आली. त्यातलं एकही मी वाचलेलं नाही, आणि वाचणारही नाही. हे मी जाड स्केचपेननं, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर, एकेक अक्षर लिंबाएवढं काढून लिहितेय. लिहून झालं की ते मला परत वाचता येत नाही. तेव्हा एखादी ओळ दुसरीच्या अंगावर चढली असेल तर टाइप करताना नातीनं ती खाली उतरवली असेल, असं समजून घ्या.

डोळ्यांचं कळलं ते दिवाळीच्या आधी. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून घरात कुणाला न सांगता एकटीच रिक्षा करून गेले. डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं दिवे मारले, थेंब घातले, मग म्हणाला, "आज्जी, बरोबर कोण आहे?"

"रिक्षावाला आहे खाली. बोलावू?"

तो हसला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडलाय, वयानं पडतो, माझ्या प्रकाराला इंजेक्शनचाही उपयोग नाही, कडेचं दिसत राहील, असं त्यानं समजावून सांगितलं. कडेचं दिसतंच. समोर माणूस आला की मला त्याचे दोन्ही कान दिसतात, नाक दिसत नाही. पुस्तक उघडलं की समास सुरेख दिसतो, चारी बाजूंनी पांढराशुभ्र. मजकुराच्या जागी मात्र कुणी तरी पाण्यात बोट बुडवून पुसून काढल्यासारखं राखाडी.

त्यानं दिलेल्या गोळ्या मी घरी कॅल्शियमच्या म्हणून खपवल्या. सांगितलं का नाही? माझ्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाची ओळख कशानं, तर अमक्याच्या हाताला चव, तमक्याचा पोरगा फुटबॉलला स्ट्रायकर. माझी ओळख म्हणजे 'त्या वाचणाऱ्या काकू'. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते तेव्हा एका कानाला हेडफोन आणि मांडीवर पुस्तक. स्वयंपाक बेताचा, विणकाम शून्य, आवाज फाटका. वाचन काढून घेतलं तर मागे राहते ती एक हट्टी म्हातारी, आणि तशा गल्लीत पुष्कळ आहेत.

म्हणून मी नाटक सुरू केलं. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून पुस्तक हातात धरायचं आणि अधूनमधून पान उलटायचं. शनिवारी वाचनालयात जायचं, दोन पुस्तकं आणायची, पुढच्या शनिवारी परत द्यायची. खरं वाचत होते तेव्हा आठवड्याला एक व्हायचं मुश्किलीनं. आता दोन-दोन. ग्रंथपाल कौतुकानं सगळ्यांना सांगायचा, "काकूंचा स्पीड बघा, या वयात!"

या ग्रंथपालानंच मला वाचनजगतातली ताजी बातमीही दिली. वाचनालयाचा मोठा हॉल आता अभ्यासिका झालाय. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली सकाळी सातपासून पाण्याची बाटली ठेवून जागा धरतात. कादंबऱ्यांची कपाटं जिन्याखाली गेली आणि त्यांना कुलूप लागलं.

"हवं असेल तर किल्ली मागा काकू. मागणारं आहेच कोण? तुम्ही आणि ते रिटायर मास्तर."

म्हणजे त्या अख्ख्या वाचनालयात कादंबरी वाचणारी दोन माणसं उरली होती, आणि त्यातलं एक खोटं होतं. मी मान हलवली, 'काय हे दिवस' म्हणाले आणि न वाचलेली दोन पुस्तकं टेबलावर ठेवली. त्या मास्तरांचं तरी खरं असू दे, एवढंच मनात आलं.

तशात पंच्याहत्तरी आली. मुलानं नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि मला कौतुकानं वाचून दाखवला. अगत्य येणे. हार, शाल, नारळ, साडी आणू नये, आईला पुस्तकांचं वेड, द्यायचंच असेल तर एक पुस्तक द्यावं.

"शाल चालली असती रे," मी म्हटलं.

"आई, तू आणि शाल!" तो इतका खूश होऊन हसला की माझ्या तोंडातलं बोलणं तोंडातच राहिलं. तेव्हा सांगितलं असतं तर चार वाक्यांत संपलं असतं.

पुण्याच्या नातीचा फोन आला. "आज्जी, सरप्राइज द्यायचं होतं पण तुझं काही खरं नाही, तू नाकं मुरडशील. पुस्तकवेड्यांना काय भेट द्यावं याची यादी मिळालीय मला. वाचू?"

"वाच."

"पुस्तकाला चिमट्यानं लावायचा दिवा."

"पुढचं."

"कापडी पिशवी. वर लिहिलंय, मला त्रास देऊ नका, मी वाचतेय."

"गल्लीत कोण वाचणार ते? बघतील आणि मुद्दाम हाक मारतील."

"जुन्या पुस्तकाच्या वासाची मेणबत्ती."

"अगं, जुन्या पुस्तकाला वाळवीचा आणि त्यावर डोकं ठेवून झोपलेल्या माणसाच्या खोबरेल तेलाचा वास येतो. तो पेटवून काय करू?"

ती खो खो हसली आणि शेवटी तिनं दिवाच पाठवला. चांगला आहे. त्याच्या उजेडात समास आणखी पांढरा दिसतो.

आता मला कुणी विचारलं, की वाचणाऱ्या माणसाला काय द्यावं, तर मी काय सांगणार? पूर्वी मी न विचारताही सांगायचे. पूर्वीची म्हणजे ती पस्तिशीतली, जिच्या वतीनं मला आज तोंड लपवावंसं वाटतं. कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, खांद्याला शबनम, आणि जगाला सुधारायची खाज. त्या बाईनं एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तकं लुटली.

वाण म्हणजे बायका एकमेकींना काय देतात? गाळणी, साबणाची डबी, स्टीलची वाटी. संसारात लगेच कामाला येणारं. या बाईला ते मागासलेलं वाटलं. तिनं पंचवीस पुस्तकं घेतली, सगळी एकच, बारीक टायपातले आरोग्य आणि घरटापटिपीवरचे निबंध, कारण ती घाऊक स्वस्त मिळत होती. प्रत्येकावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'वाचाल ना?' आणि तिळगूळ हातावर ठेवताना एकेकीला असं काही बघितलं, की जणू वाटी मागायला आलेल्या भिकारणींना ही ज्ञान देतेय.

एवढ्यावर थांबली असती तर ठीक. आठ दिवसांनी तिनं परीक्षा घ्यायला सुरुवात केली. नळावर, दळणाच्या रांगेत, जिन्यात. "वाचलंत का? काय आवडलं?" बायका तिला बघून गल्ली बदलायला लागल्या. शेजारीण तर एकदा दळणाचा डबा तिथंच ठेवून पळाली. आणि पुढच्या वर्षी एका बारशाला तिच्याच हातात रंगीत कागदात गुंडाळलेली परतीची भेट पडली. सोडून बघते तर आत तेच पुस्तक, त्यावर तिच्याच अक्षरात, 'वाचाल ना?' मधे किती हातांतून फिरलं असेल कोण जाणे. उघडलेलं मात्र कुणीच नव्हतं. छापखान्यातून आलेली न कापलेली पानं तशीच जोडलेली होती.

त्या हळदीकुंकवाला आमच्या थोरल्या जाऊबाईही आल्या होत्या, शाहूवाडीकडच्या गावाहून. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. गावचं घर, भाताची खाचरं, म्हशी, सासू-सासरे, सगळं त्यांनी सांभाळलं. आम्ही धाकटे शहरात आलो, नोकऱ्या केल्या, सणाला पाहुण्यासारखे जाऊन जेवून आलो. पुढच्या वेळी गावी गेल्यावर त्या पस्तिशीतलीनं अक्कांनाही सोडलं नाही.

"अक्का, वाचलंत का पुस्तक?"

"वाचलं की. लई चांगलं हाय." अक्का चुलीपुढं होत्या. "शेवट तेवढा वाईट वाटला गं."

घरटापटिपीच्या निबंधांचा शेवट! शेवटच्या निबंधात गाद्यांना ऊन कसं द्यावं ते होतं. त्या बाईला हसू आवरेना. तिनं तो किस्सा एक्स्चेंजमध्ये सांगितला, गल्लीत सांगितला, आणि पुढं कितीतरी वर्षं लग्नाकार्यात, पंगतीत, अक्कांच्या समोरच सांगितला. "आमच्या अक्कांचं काळीज एवढं मऊ, की गाद्या वाळवल्या तरी डोळ्यांत पाणी येतं." सगळे हसायचे. अक्काही पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, बाईला गंमत तरी कळते.

पंच्याहत्तरीला अक्का एसटीनं आल्या. एक्क्याऐंशी वय, बरोबर पिशवीभर नवा तांदूळ. 'पुस्तकच आणा' हा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला नसावा, असं मी धरून चालले.

कार्यक्रम छान झाला. छान म्हणजे भयंकर. दारातून येणारा प्रत्येकजण वाकून नमस्कार करी आणि हातात पुस्तक ठेवी. मी मुखपृष्ठावरून हात फिरवून "अरे वा!" म्हणायची. एकजण म्हणाला, "काकू, हे तुमच्याकडं असणारच." मी म्हटलं, "असलं तरी ही प्रत वेगळी." एकजणीनं तिच्या मुलाच्या कवितासंग्रहातली पहिली कविता तिथंच मोठ्यानं वाचा म्हणून आग्रह धरला. मी चष्मा सापडत नसल्याचं सांगितलं. तो कपाळावर होता. सगळे टाळ्या वाजवून हसले, मी सगळ्यात जास्त. मग मटणाच्या वासानं मंडळी जेवायला उठली आणि मी वाचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा-सून कामावर गेले. मी गॅलरीत खुर्चीवर, मांडीवर ढिगातलं एक पुस्तक. अक्का खाली चटईवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"काय वाचतीस?"

"कादंबरी आहे."

"कशावर?"

"एक बाई असते. तिला नवरा सोडून जातो."

"मग?"

"मग... शिकते ती."

"बरं करती." थोडा वेळ मेथीच्या काड्या तुटल्याचा आवाज. मी पान उलटलं.

"लवकर उलटलंस."

"काय?"

"पान. लवकर उलटलंस. डाव्या अंगाचं बघितलंसच न्हाईस, नुसतं उजव्या अंगाला तोंड करून बसलीस." अक्कांचा आवाज मेथी निवडताना असतो तसाच होता. "कोन बघत असलं तर मान वरनं खाली न्यायाची, सावकास. मधी एकांदं खेपेला थांबायचं. मधीच जरा हसायचं. आन् सगळ्या पानांस्नी सारखाच येळ लावायचा न्हाय, त्यानं तर लगीच वळखू येतंय. काल आल्यापास्नं बघतोय मी. तुला दिसत न्हाय न्हवं?"

घरातल्या पदवीधर माणसांना सहा महिने जे कळलं नाही ते हिला एका दिवसात कळलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला न्हाय कळनार व्हय? पन्नास वर्सं केलंय की."

अक्कांना सही करताना मी पाहिलेलं होतं. श्रावणात मांडीवर पोथी घेऊन अध्याय म्हणताना तर दरवर्षी पाहिलं होतं.

"सही?"

"थोरल्या पोरानं शिकिवली, बिगरीत व्हता तवा. तेवढं नाव काढतो. गाय काढल्यागत, शेपटापास्नं शिंगापतोर."

"आणि पोथी?"

"पाठ हाय. सासूबाई म्हनायच्या, मी भाकरी थापत ऐकायचो. पान कवा उलटायचं त्येबी त्यास्नीच बघून."

"मग सांगितलं का नाही अक्का? मी शिकवलं असतं."

अक्का हसल्या. कान आणि कुंकवाची कड हलताना दिसली मला. "तू? तू भर पंगतीत सांगत सुटली असतीस."

"नसते सांगितलं."

"न सांगता बी सांगितलंसच की. गाद्यांचं."

त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्यांनी मेथीची जुडी झटकली आणि पुढची घेतली. चाळीस वर्षं ही बाई पदराआड हसत होती, आणि मी ती दाद समजत होते. मी जगातली सगळी दुःखं पुस्तकांत शोधून रडत होते तेव्हा हे माझ्या समोर पाटावर बसून वाढत होतं, 'आणखी घे गं' म्हणत होतं. एवढं वाचून मला एक माणूस वाचता आलं नाही, असं एखादं चमकदार वाक्य त्या पस्तिशीतलीनं इथं लगेच लिहिलं असतं. मला त्याची लाज वाटते. खरी गोष्ट साधी आहे. मी वाईट वागले होते, आणि मला हसू आलं होतं.

"अक्का, मी..."

"गप. हिकडं ये, मेथी निवड. देठ हाताला लागतोय, डोळं लागत न्हाईत."

मी चटईवर उतरले. बराच वेळ आम्ही निवडत होतो. मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना, "अवघड गेलं का हो?"

"माझं काय, नव्हतंच. त्याची चव ठावं न्हाय." त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "तुझं हुतं. तुझं वाईट हाय."

कुणीतरी हे म्हणावं म्हणून मी सहा महिने थांबले होते, हे मला तेव्हा कळलं. ते ऐकून बरं मात्र वाटलं नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं त्यापेक्षा ते जास्त खरं वाटलं.

"पोराला सांग," अक्का म्हणाल्या. "मी पयल्या वर्सी सांगाय पायजे हुतं. दुसऱ्या वर्सी सांगायचं तर पयलं वरीसबी सांगाय लागतंय. तसं वाढत जातंय ते. तुझं अजून सा म्हैनंच झाल्यात."

संध्याकाळी मी सांगितलं. मुलगा आधी रागावला, कॅल्शियमच्या गोळ्यांवरून. मग आत जाऊन तोंड धुऊन आला, आणि मग कामाला लागला. त्याचा स्वभावच तो. मुंबईचे डॉक्टर शोधले, रिपोर्ट पाठवले, तिथूनही तेच उत्तर आलं. माझ्या फोनमध्ये पुस्तकं वाचून दाखवणारं काहीतरी घालून दिलं. त्यातला माणूस गोड आवाजात, एकाही शब्दाला न अडखळता, मरणाचा प्रसंग आणि जेवणाचा प्रसंग एकाच चालीत वाचतो. मला मागं जाऊन एखादं वाक्य परत बघायचं असतं. त्याला थांबवायला जावं तर बोट भलतीकडे पडतं आणि तो तिसऱ्या प्रकरणातून नवव्यात जातो. नात रोज फोनवर वाचून दाखवीन म्हणाली. चार दिवस वाचलं. पोरगी मनापासून वाचते, पण मधे तिला ऑफिसचे फोन येतात, आणि वर्णनं आली की ती हळूच गाळते. तिला वाटतं मला कळत नाही. गाळू दे. तिच्या वयात मी अख्खी माणसं गाळली.

वाचनालयाचं सभासदत्व मुलगाच जाऊन बंद करून आला. ग्रंथपालाला फार वाईट वाटलं म्हणे. एक्केचाळीस पुस्तकांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. सून म्हणते अभ्यासिकेला देऊ. त्यांना ती नको आहेत, मी विचारून पाहिलं. परीक्षेला येणारी पुस्तकं असतील तर द्या, म्हणाले. सध्या ती माझ्या पलंगाखाली आहेत आणि झाडू मारताना सुनेला आडवी येतात.

अक्का तिसऱ्या दिवशी, म्हणजे मी सांगितलं त्याच्या दुसऱ्या सकाळी, गावी गेल्या. त्यांना एसटीत बसवून मुलगा परत आला तेव्हा पेपर नुकताच आला होता. आमच्याकडे पेपर आधी मला मिळतो. मुलगा शाळेत होता तेव्हापासूनचा हा रिवाज आहे. आजारपणातसुद्धा मोडलेला नाही. आईचा वाचून झाला की मग बाकीच्यांनी घ्यायचा. सुनेनं दारातून पेपर उचलला. सवयीनं ती माझ्याकडे दोन पावलं आली. तिचे पाय मला कडेनं स्वच्छ दिसतात, जोडव्यांसकट. ते पाय थांबले, जरा घुटमळले, आणि आतल्या खोलीकडे वळले, जिथं मुलगा चहा घेत होता.

तिची काहीच चूक नाही. हाक मारली असती तर तिनं तो दिलाही असता. काय म्हणून मागायचा, ते मला सुचलं नाही.